मीरासाबांच्या गालाकडे जाणारा रस्ता

मीरासाब चटणी चाखून तिचा जाळ सांगत, आणि उचगावजवळच्या मिरची कांडणाऱ्या गिरणीत त्यांच्या जिभेचा शब्द अखेरचा मानला जाई. तीस वर्षे ज्या डाव्या गालात त्यांनी तंबाखू-सुपारीचा मावा सांभाळला, तिथे गेल्या महिन्यात तांबड्या कडेचा पांढरा डाग उमटला. चटणीचा कण लागला तरी डोळ्यांना धार लागू लागली. गिरणीमालकांनी महिन्याची मुदत दिली. तेवढ्यात तोंड बरे झाले नाही, तर चव पाहायला दुसरा माणूस येणार होता.

दवाखान्यात डॉ. ऐश्वर्या मगदूम यांनी डागाचा तुकडा तपासून अहवाल समोर ठेवला.

"चाचा, कॅन्सर नाही अजून, पण वाट तिकडचीच आहे. डागाखाली रोगाशी लढणाऱ्या पेशींची गर्दी झालीय. नव्या रक्तवाहिन्याही फुटल्यात."

"मग बरं हाय की! पोलीस आलं, रस्तंबी झालं."

"इथंच तर घोटाळा आहे. मावा रोज लागतो, म्हणून पेशी रोज जमतात. जमल्या की नव्या वाहिन्या मागवतात. आणि त्या वाहिन्यांवर पोसला जातो तो डागच. मावा आजपासून बंद करा."

उपाय इतका लहान होता की त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. तरीही मीरासाबांनी चार दिवस पुडी सोडली. जळजळ किंचित निवली. नेमकी हीच वार्ता तालमीच्या कट्ट्यावर पोहोचली आणि अध्यक्ष विजयसिंह यांनी 'मीरासाब मुखरक्षण कृती समिती' स्थापन केली.

समितीत अकरा सदस्य होते. रोज सायंकाळी प्रत्यक्ष पाहणी करावी, असा ठराव एकमताने झाला. मीरासाबांच्या बोळात सावल्या लांबल्या की अकरा मोबाइलांचा उजेड एका तोंडात मावळत असे.

"चाचा, आ करा. आजून मोठा! हां, कडंला जरा लालसर हाय बगा."

"कालच्यापेक्षा?"

"काल मी उजवा गाल बघितलता."

पाहणीनंतर सदस्य आपापल्या पुड्या उघडत आणि पहिली चिमूट यजमानापुढे धरत. पाहुण्याने पुढे केलेली पुडी नाकारणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो. मीरासाब माणुसकीचे होते. पाचव्या दिवशी त्यांनी एकच चिमूट घेतली. मग सदस्यसंख्येनुसार अकरा.

बोळ अरुंद असल्याने सदस्यांच्या दुचाकी आत येईनात. समितीने निवेदन दिले आणि वीस वर्षे रखडलेला काँक्रीटचा रस्ता आठ दिवसांत झाला. रस्त्याच्या तोंडाशी भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर अकरा हसरे चेहरे झळकत होते. कोपऱ्यात, तिकिटाएवढे, मीरासाब होते, तोंड मिटून. रस्ता झाला म्हणून वर्दळ वाढली. वर्दळ वाढली म्हणून समितीचे सचिव सम्राट यांनी तिथेच टपरी टाकली. लोकाग्रहास्तव 'मीरासाब स्पेशल' मावाही ठेवला.

शेवटी मीरासाबांच्या पत्नी सलमा बैठकीत उभ्या राहिल्या. "अवो, यवढी माणसं रोज येत्यात. एकानं तरी ह्यांच्या खिशातली पुडी काढून घेतली काय?"

विजयसिंहांनी कार्यवृत्त चाळले. "भाबी, पुडी आमच्या कक्षेत येत न्हाय. आमी फकस्त डाग बघतो."

"मग टपरी?"

"ती रस्त्यात येती. रस्त्याची समिती येगळी हाय."

महिना संपला. गिरणीत दुसऱ्याच माणसाने चटणी जिभेवर ठेवली. दवाखान्यात दुसरा अहवाल आला: पेशींची गर्दी दाट, वाहिन्या जाड, डाग दुप्पट. आणि आता त्याचे नावही बदलले होते.

"चाचा, गाल कापावा लागेल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

मीरासाबांनी गालावर हात ठेवला. "आवं, पर यवढी माणसं जमलीती की!"

"तेच तर पहिल्या दिवशी सांगितलं होतं, चाचा."

वाचकहो, समितीवर रागावू नका. आत्ताच आपणही त्या गालात डोकावून आलात. डाग पाहिलात, थोडे हसलात, थोडे हळहळलात. पुडी अजून त्यांच्या खिशातच आहे. आता परतताना जरा पायाखाली पाहा. आपल्या येण्याने रस्ता बोटभर रुंद झाला आहे.