कॅप्टन तात्यांची तिसरी दोरी

आमच्या गावच्या बोटीत खलाशी म्हणून चढायचं तर आधी तोंड उघडावं लागतं. तात्या नाक पुढं करतात आणि म्हणतात, "आ कर." दारूचा वास येतो का बघून झालं की निकाल ठरलेला. "भरवसा न्हाई. पर बस."

तात्या फौजेत पूल बांधणाऱ्या, बोटी चालवणाऱ्या पलटणीत हवालदार होते. महापुरानंतर पलूस तालुक्यातल्या आमच्या गावाला इंजिनाची बोट मिळाली आणि कुणी न नेमताच तात्या तिचे कॅप्टन झाले. खलाशी दोघं. कुपवाडला कारखान्यात जाणारा बाळू इंजिनाची दुरुस्ती बघतो, चालवतो मी. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, बी.एस्सी.; कुणी विचारो न विचारो, मी सांगतोच. तात्यांना त्याचं काही नाही. पावसाळ्याआधीच्या सरावाला त्यांनी मला कपड्यांसकट नदीत ढकललं. वर म्हणाले, "बीएस्सी, सर्टिफिकेट तरंगतंयच. तू तरंगून दाव."

बाळूवर वेगळा संशय. तो बोटीचं पेट्रोल आपल्या मोटारसायकलला पाजतो म्हणे. बोट निघायच्या आधी तात्या त्याच्या गाडीची टाकी उघडून हुंगतात.

"आवं तात्या, टाकीत पेट्रोलचाच वास येणार की!"

"त्येच म्हनतोय मी!"

यंदा पुराचं पाणी ओढ्यातून फुगत आलं. ओढ्यापलीकडच्या मळ्यात माझी हिरामावशी एकटी; म्हशीला सोडून यायला तयार नव्हती. पहाटे तिचा फोन आला, "पाणी गोठ्यात शिरलंय रं." तात्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. सरपंच म्हणाले, "म्हाताऱ्याला न्हेऊ नका. कळूच दिऊ नका." मला पटलं.

बाळूनं पुढची दोरी सोडली, मी मागची. इंजिन लावलं. बोट गुरगुरली, थरथरली आणि जागची हलेना. बाळूनं पाण्यात हात घातला, तर बुडाकडून एक तिसरीच दोरी काठावरच्या चिंचेला गेलेली. गाठ अशी की नखं तुटली, सुटेना. तिकडं मावशी पाण्यात. बाळूनं कोयता काढला.

"कापू नगंस! दोर चांगला हाय."

चिंचेमागून तात्या आले. हातात काठी, गुडघ्याला पट्टा, अंगात लाइफ जॅकेट. त्यांनी दोरीच्या टोकाला एक हिसका दिला, गाठ मोकळी. बोटीत बसले आणि म्हणाले, "आ कर."

"तात्या, तिकडं मावशी..."

"मग लौकर आ कर."

मावशी कमरेएवढ्या पाण्यात म्हशीच्या गळ्यात हात घालून उभी होती. तात्यांनी दावं सोडलं. "ती तुज्यापरीस चांगली पवती. चल बस." मावशी शिव्या देत चढली, म्हैस मागोमाग पोहत आली. मावशीला "आ कर" म्हणायची हिंमत मात्र तात्यांना झाली नाही. काठाला लागलो. मी चिखलातच बसलो आणि उगीचच हसत सुटलो.

मग विचारलं, "तात्या, ही तिसरी दोरी कशाला? एवढा अविश्वास?"

तात्या दोरी गुंडाळत राहिले. "तुमच्या पवन्यावर भरवसा हाय. इंजनावर बी हाय. मला सोडून जानार न्हाई, एवढ्याचाच नव्हता."

बाळू उगाच इंजिन पुसायला लागला.

संध्याकाळी तात्या परत चिंचेपाशी. गुडघा वाकेना म्हणून मी दोरी ताणून धरली. त्यांनी पाठ फिरवून गाठ मारली. "बघू नगंस. ही गाठ कुनाला शिकवायची न्हाई."

"नकाच शिकवू," मी म्हणालो, "पण घट्ट बांधा."

तात्या वळले.

"आ कर," म्हणाले.

मी तोंड उघडलं. त्यांनी वास घेतला. निकाल मात्र सांगितला नाही.