अप्पांचा बेटावरचा मासा

रविवारी सकाळी सोलापूरच्या मासळी बाजारात कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढलेला, पांढऱ्याशुभ्र धोतरातला एखादा गृहस्थ माशाचे कल्ले उघडून आत डोकावताना दिसला, तर खुशाल समजा की ते आमचे शेजारी रेवणअप्पा. अप्पांनी आयुष्यात माशाचा एक तुकडा तोंडात घातलेला नाही. मासा सोडा, केकमध्ये अंडं असतं हे कळल्यापासून भाच्या-पुतण्यांच्या वाढदिवसालाही ते नुसता चिवडा खाऊन परत येतात. आणि तरीही मासा तळण्यात त्यांचा हात धरील असा माणूस आमच्या गल्लीत नाही. हे मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही. मी खाल्लेला आहे.

"मी खात न्हाय, पण सांगतो," अशी अप्पांची सुरुवात असते. मग निकाल येतो. "ह्यो मासा परवाचा हाय."

मासेवाल्या शबानाभाभी एकदा वैतागून म्हणाल्या, "अप्पा, तुम खाते नै, तो इत्ता कायकू देखते?"

"खाणाऱ्याला भूक असती, भाभी. त्याला दिसत न्हाय. मला दिसतंय की."

भाभींनी मुकाट्याने खालच्या बर्फातली दुसरी चिलापी काढून दिली.

अप्पांचं चादरींचं दुकान आहे. सगळा जन्म चादरी उलगडण्यात आणि घड्या घालण्यात गेल्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ते कापड म्हणूनच बघतात. माशाच्या अंगावरून बोट फिरवून "पोत सैल पडलाय" म्हणतात. मसाला लावलेला तुकडा तेलात सोडल्यावर हळद तेलात उतरली, तर "रंग कच्चा निघाला" म्हणून दिवसभर खट्टू असतात.

तळण्याचा कार्यक्रम मागच्या अंगणात, शेवग्याखाली होतो. तवा, उलथणं, सुरी, परात या मंडळींचा मुक्काम बाहेरच्या भिंतीवर, खिळ्यांना. उंबरा ओलांडायची त्यांना परवानगी नाही. ही गौराक्कांची, म्हणजे अप्पांच्या पत्नीची अट. अप्पांनी शेगडी पेटवली की गौराक्का स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतात आणि उदबत्ती पेटवतात. इकडे अप्पा मुलाचं जुनं हेल्मेट डोक्यावर चढवतात, कारण मोहरी आणि मिरची तेलातून उडून डोळ्यात जाते. आता, मासा झाला की नाही हे त्यांना चाखून कळण्यासारखं नसतं. ते आवाजावरून ओळखतात. आणि हेल्मेटमध्ये आवाज नीट येत नाही. त्यामुळे ते घटकेघटकेला हेल्मेट काढतात, तव्याकडे कान देतात आणि पुन्हा घालतात. नवख्या माणसाला वाटतं, शेगडी स्टार्ट होत नाहीये.

चाखायचं काम माझ्याकडे. मी मूळचा मोहोळकडचा, खाणाऱ्यांच्या घरातला, आणि नोकरी भूगोल शिकवण्यात घालवलेला मास्तर. ताटली आमच्या सामाईक भिंतीवरून येते आणि पाठोपाठ अप्पांचं डोकं येतं. एकदा मी नुसतं "छान झालाय" म्हणालो.

"छान म्हंजे काय, मास्तर? गिऱ्हाईक पण छान म्हणतं आन् न घेता जातं."

तेव्हापासून उलटतपासणी असते. "तिखट कुटं लागलं? जिभेच्या शेंड्याला का घशात?"

"घशात."

"लगेच का मागनं?"

"मागनं."

"मोहरी कडवट लागली?"

"किंचित."

"मग मगाशी का न्हाय बोलला?"

मगाशी माझ्या तोंडात मासा होता, हे उत्तर त्यांना पटत नाही.

सुरुवातीला भावकीत बरीच कुजबुज झाली. कुणीतरी मठातल्या स्वामींच्या कानावर घातलं. स्वामींनी अप्पांना बोलावून घेतलं आणि विचारलं, "खातोस का?"

"न्हाय, स्वामीजी."

"विकतोस?"

"न्हाय."

"मग तळतोस कशाला?"

अप्पांनी कारण सांगितलं. स्वामींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साबणानं हात धूत जा." भावकी गप्प झाली.

कारण होतं अप्पांची सून, अनिशा. ती मॉरिशसची. तिचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले आणि तिकडचेच झाले. अप्पांचा मुलगा मल्लिनाथ पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, ही तिथे शिकायला आली होती. दोघांनी लग्न ठरवलं तेव्हा अप्पा माझ्याकडे नकाशा बघायला आले. मी हिंदी महासागरात बोट ठेवून दाखवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं, तर त्याखाली अख्खं बेट गायब झालं.

"एवढुसं?" अप्पा म्हणाले. "आन् भवतीनं सगळं पाणीच?"

"पाणीच."

"आन् ती पोरगी सोलापुरात येणार?" आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे त्यांच्या मनात असणार.

अनिशा तिकडच्या शाळेत मराठी शिकली होती. पहिल्या दिवशी तिने अप्पांना विचारलं, "आपले भोजन झाले काय?" अप्पा धावत माझ्याकडे आले. "मास्तर, पोरगी रागावली वाटतं. लई शुद्ध बोलती."

मग ती साथ आली. पुण्यातली ऑफिसं बंद झाली आणि नवराबायको सोलापुरात येऊन राहिली. कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळ, जे समोर येईल ते अनिशा खायची, तक्रार नाही. पुढे तिला दिवस गेले आणि अन्नावरची वासनाच उडाली. गौराक्कांनी गव्हाची गोड हुग्गी केली, धपाटे केले, लोणच्याच्या बरण्या उघडल्या. पोटात काही ठरेना. गळ्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहीतरी खाल्लंच पाहिजे, नाहीतर दवाखान्यात ठेवावं लागेल. त्या दिवसांत दवाखान्यात ठेवायचं म्हटलं की घरचे हात जोडून नको म्हणायचे. आईकडे पाठवावं, तर विमानं बंद.

एका दुपारी ती फोनवर आईशी बोलत होती. भाषा त्यांच्याकडची, अप्पांना एक अक्षर कळेना. पण फोनमधल्या बाई पदराशिवायच डोळे पुसत होत्या, ते कळलं. अप्पांनी फोन हातात घेतला.

"विहीणबाई, हिला काय आवडतं?"

बाईंनी पडद्यावरून नजर वळवली.

"सांगा की. लाजू नका."

"मासा," त्या हळूच मराठीत म्हणाल्या. "तळलेला. तिखट." आणि मान खाली घातली. लेक कोणत्या घरात दिली आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"असं व्हय," अप्पा म्हणाले. "मग तुमी तिकडं करा. मी हितं बघून करतो."

गौराक्का आतून म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात न्हाय."

"अंगणात करतो की."

"अंगणाचं मी काय बोलले न्हाय," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. ती पहिली खिडकी.

विहीणबाई समुद्रापलीकडे तळत होत्या आणि अप्पा शेवग्याच्या फांदीला फोन बांधून इकडे तळत होते. त्यांच्याकडे समुद्राचा मासा, इकडे उजनी धरणातली चिलापी. बाई म्हणाल्या व्हिनेगर घाला, बंद गावात व्हिनेगर कुठलं? अप्पांनी चिंच कोळून घातली. मोहरी, लसूण, हळद, हिरवी मिरची बाईंच्या सांगण्यावरून. पण मसाला तव्याला चिकटायला लागला म्हणून वर ज्वारीचं पीठ, आणि तिखट जरा फिकं दिसलं म्हणून घरचं काळं तिखट. पहिला घाणा कोळसा झाला. दुसरा वरून खरपूस आणि आतून कच्चा. तो मी खाल्ला. तिसऱ्या घाण्याला मी भिंतीवरून मान डोलावली.

अप्पांनी ताटली मागच्या पायरीवर ठेवली, सुनेला हाक मारली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये म्हणतात. मग मागून विचारणा आली, "अप्पा, अजून आहे का?"

अप्पा घाईघाईने शेगडीचं बटण उलट्या बाजूला फिरवत बसले.

पोरगी सावरली. मुलगी झाली, चांगली बाळसेदार. पुढे अनिशाचे वडील आजारी पडले, मल्लिनाथला तिकडेच नोकरी मिळाली आणि नात चालायला लागते न लागते तोच तिघंही बेटावर गेली. निरोप द्यायला अप्पा विमानतळावर गेले नाहीत. त्यांनी दुकान उघडलं आणि गिऱ्हाईक नसताना चादरी उलगडून पुन्हा घड्या घातल्या.

मला वाटलं, आता तवा भंगारात जाणार. तर पुढच्या रविवारी अप्पा पिशवी घेऊन मासळी बाजारात हजर. आणि त्याच्या पुढच्याही. गल्लीने त्याला म्हातारपणीचा नाद ठरवून टाकलं. एकदा ताटली हातात घेता घेता मीच विचारलं, "अप्पा, आता कुणासाठी?"

"हात विसरतो, मास्तर," ते तवा घासत म्हणाले. "उद्या अचानक आली आन् जमलं न्हाय तर? तिला हितं दुसरं काय हाय खायला?" आणि लगेच, "मीठ कसं झालंय?"

या जानेवारीत ती आली. तिघंही आली, पण थोड्याच दिवसांसाठी, आणि नेमकी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. घरात नंदीध्वजाची गडबड, सोवळंओवळं. यात्रा होईपर्यंत मासा तळणं शक्य नव्हतं. "सिद्धेश्वराचं आधी," असं अप्पा सगळ्यांना सांगत होते, पण येता-जाता खिळ्यावरच्या तव्याला हात लावून बघत होते.

निघायच्या आदल्या दिवशी शेगडी पेटली. अनिशा पायरीवर बसली. मी भिंतीपाशी होतो, पण त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही. तिने पहिला तुकडा संपवला, दुसरा संपवला. अप्पा या वेळी भिंतीकडे वळायचं विसरले.

"तिखट कुटं लागलं?"

"अप्पा, एक सांगू? रागवायचं न्हाय." आता ती आमच्यासारखं बोलते. "हा आमच्याकडचा मासा न्हायच."

"म्हंजे?"

"पहिल्या दिवशी पण नव्हता. आमच्याकडं ज्वारीचं पीठ कुठलं? काळं तिखट कुठलं? चिंच पण घालत न्हाईत."

अप्पांचं उलथणं हवेत राहिलं. "म्हंजे इतकी वर्षं मी चुकीचं करत होतो?"

"लई चुकीचं."

"मग त्या दिवशी अजून का मागितलास?"

"तुम्ही केला होता म्हणून." ती थोडा वेळ ताटलीतले काटे एका बाजूला सारत राहिली. "आता तिकडं आई रोज करते, अगदी बरोबर करते. आणि मी बाजारात ज्वारीचं पीठ शोधत हिंडते. आई म्हणते, सोलापूरला समुद्र न्हाय, मासा न्हाय, तुला तिथला मासा कसा आठवतो?"

अप्पांनी उलथणं परातीत ठेवलं. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली. तवा अजून गरम होता.

"काळं तिखट कांडून ठेवलंय," गौराक्का म्हणाल्या. "पीठ पण दळून आणलंय. बॅगेत जागा ठेव."

अप्पा अंगणातल्या नळाशी गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून हात धुवायला लागले. हात कधीच स्वच्छ झाले होते. आमच्या गावात नळ असा कुणी वाहू देत नाही. पण गौराक्का खिडकीत उभ्या होत्या आणि बंद करा म्हणाल्या नाहीत.