अर्ध्या तिळाची अफू

कोणतीही सवय माणसाला हळूहळू लागते, म्हणून ती हळूहळूच सोडवावी, हे शहाणपण वैद्यांना पूर्वापार ठाऊक होतं. सरकारला ते सन १९३१ साली कळलं आणि वऱ्हाडात आमची अफू-उतार कचेरी उघडली. (मी तिथला दुय्यम कारकून. वर रामराव, खाली एक तोलणारा, एक शिपाई आणि एक खिडकी.)

नियम सोपा होता. अफू खाणाऱ्यानं रजिस्टरात नाव घालायचं, दर महिन्याला यायचं आणि मागच्यापेक्षा एक दशांश कमी अफू घेऊन जायचं. एकदम सोडली तर हातपाय कापतात, पोट बिघडतं, झोप उडते. हे खरंच आहे, याला हसू नये. आमच्या पद्धतीनं एकही माणूस दगावला नाही. एकही मोकळा झाला नाही, पण तो प्रश्न वार्षिक अहवालात नसे.

अनसिंगचे शालिग्राम महिन्याला तोळाभर खात. तिसऱ्या वर्षी त्यांची इच्छाच मेली. गडी तरतरीत झाला, स्वतः वखर धरू लागला. नियमाप्रमाणे मात्र दर महिन्याला नऊ दशांश उरतच होते. सातव्या वर्षी त्यांचा वाटा अर्ध्या तिळावर आला. तोलताना सर्वांनी श्वास रोखावा, असं परिपत्रक निघालं. शालिग्राम चार ठिकाणी अंगठा देत आणि बाहेर लिंबाखाली तो वाटा फुंकून टाकत. (फुंकल्याची नोंद नाही.)

अशात त्यांच्या रंगूची सोयरीक कामरगावच्या जगदेवरावांकडे जुळली. निरोप आला : अफूच्या रजिस्टरातून बापाचं नाव कटलं तरच वैशाखात लग्न, नाहीतर आम्ही दुसरी पोरगी पाहतो.

"मी सोडली ना जी, चार वर्सं झाली. नाव कापा माह्यं," शालिग्राम म्हणाले.

"भाऊ, एकदम सोडली असं बोलू नका," रामराव कळवळून म्हणाले. "एकदम सोडणाऱ्याले पुन्ना तोळ्यापासून सुरू करा लागते."

शालिग्रामांनी शब्द मागे घेतले. "मंग शून्य देऊन टाका."

"पेटीत शून्याचं वजन नाई."

खरंच नव्हतं. मी स्वतः पेटी पाहिली.

आठ दिवसांनी त्यांच्या सोजरबाई आल्या आणि कचेरीच्या उंबऱ्यावरच बसल्या. "यायची अफू कवाच सुटली," त्या रामरावांना म्हणाल्या. "तुमचीच सुटून नाई राह्यली. पोरगी जेवत नाई माही. तिनं काय खाल्लं होतं तुमचं?"

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, म्हणून मी वर लिहून पाठवलं.

तोवर रजिस्टरात शालिग्राम एकटेच उरले होते. (बाकीचे म्हातारपणानं गेले, त्यात आमचा हात नाही.) उत्तर तातडीनं, म्हणजे सव्वा महिन्यात आलं : 'हे नाव कमी केल्यास कचेरी एकदम बंद पडेल. एकदम बंद केल्यानं नोकरवर्गाचे हातपाय कापण्याचा, झोप उडण्याचा संभव आहे. सबब दुसरं नाव मिळताच हे नाव कमी करावं.'

दुसरं नाव अफूचंच हवं, असं मात्र वरून आलं नव्हतं. अट एवढीच की त्या माणसाचं रोज कशावाचून तरी अडत असावं, आणि विचारलं की त्यानं 'आता पुष्कळ कमी केलंय' म्हणावं.

लग्नाची तिथी आठ दिवसांवर होती. पोरीच्या जातीचा प्रश्न. रामरावांनी दौत उघडली, मी रजिस्टर उघडलं, आणि आम्ही एक नाव घातलं. रंगू सुखरूप नांदायला गेली. कामरगावला पंगत चांगली झाली, बुंदी पुरून उरली.

आता आपण हातातला चहाचा कप खाली ठेवाल आणि म्हणाल, अहो, पण मी तर पुष्कळ कमी केलंय. ठाऊक आहे. तेही आपल्या नावापुढे लिहिलं आहे. पहिल्या तारखेला या, अंगठा घेऊन.