भैरोजीराजे यांनी गड बांधिला आणि तळे गमाविले, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालून, जे घडले ते जसेच्या तसे लिहितो; पदरचे काही घालीत नाही, आणि लाजेचे आहे म्हणून काही गाळीतही नाही. शके सोळाशे त्रेचाळीस, प्लवनाम संवत्सरी, सह्याद्रीच्या पूर्वेकडील एका लहान राज्याच्या गादीवर भैरोजीराजे बसले. त्या राज्याचे नाव सांगावयास आज कोणी उरले नाही. राजे तेव्हा ऐन तारुण्यात होते. त्यांचे तीर्थरूप आबासाहेब, थोरले महाराज, उघड्या गावात पानावर जेवावयास बसले असता गनिमाने घोडी घालून त्यांस मारिले, आणि ते भैरोजीराजे व धाकटे बंधू नागोजीराजे या दोघांनी कणगीच्या आड राहून आपल्या डोळ्यांनी पाहिले. तेव्हापासून राजियांच्या मनाने एकच घेतले की, ऐसा गड बांधावा जो कोणास कधी घेता येऊ नये. मग समोरचा काळा डोंगर नेमिला, आणि मुलखातले पाथरवट, बेलदार, गवंडी, लोहार झाडून वर नेले, आणि आपणही तेथेच झोपडी घालून राहू लागले.

आता राजधानीच्या माथ्यावर पूर्वजांचे एक विस्तीर्ण तळे होते. त्यास मातीचा जुना बांध, बांधाखाली पेठ आणि मळे, आणि अवघी रयत त्याच पाण्यावर जगत असे. डोंगरावर टाकी खोदविली, परंतु खडक फुटका, पाणी ठरेना. म्हणून तळ्याचेच पाणी पखालींत भरून रेड्यांवर गडास चढवीत. तळ्याची राखण नागोजीराजियांकडे होती. ते एके वर्षी गडावर आले आणि मुजरा करून बोलिले, "दादासाहेब, बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपते आहे. आतून माती खचली. पाथरवट आणि बेलदार थोडे दिवस खाली द्यावे, दगडाचे अस्तर घालून घेतो." राजे म्हणाले, "महादरवाजाची कमान चढली की देतो." कमान चढली, मग पश्चिमेचा बुरूज निघाला, बुरूज जाला, मग तटास आतून दुसरा तट घालावा ऐसे मनात आले. नागोजीराजे दर साली येत आणि दर साली तेच ऐकून उतरत. एकदा मात्र त्यांचा धीर सुटला, आणि म्हणाले, "गड थांबेल, दादासाहेब. पाणी थांबणार नाही." तेव्हा राजियांचा चेहरा उतरला, आणि हळूच विचारिले, "आबासाहेब गेले, ते बांधावाचून गेले काय?" यावर नागोजीराजे मुजरा करून उतरले, कारण तो दिवस त्यांसही विसरता येत नव्हता.

मग धाकट्या राजियांनी गावात उरले होते ते म्हातारे आणि बायाबापड्या मिळवून स्वतः बांधावर माती टाकिली. त्यांचे कुटुंब म्हाळसाबाईसाहेब पदर खोचून त्यांजबरोबर उभ्या राहिल्या. परंतु पायथ्याशी धोंडे बसवावयास जाणते हात पाहिजेत, ते सारे डोंगरावर. म्हणून वरची माती दर पावसाळ्यात धुऊन जाई आणि हे पुन्हा टाकीत.

ऐसी बहुत वर्षे लोटली आणि गड पुरा जाला. आश्विनात वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला. पाऊस हस्ताचा, चार दिवस उसंत नाही, तरी राजियांनी मुहूर्त मोडिला नाही. भर दुपारी पंक्ती बसल्या असता नागोजीराजियांचा जासूद चिखलाने माखून वर आला आणि म्हणाला, "बांधास भेग पडली. धाकट्या महाराजांनी सांगितले आहे, आज या, आणि अवघी माणसे घेऊन या." राजियांनी हात धुतले आणि बोलिले, "तोफांची सलामी होऊ द्या. तेवढी जाली की आम्ही जातीने उतरतो." मग सलामी सुरू जाली, आणि डोंगर दुमदुमला, आणि त्या आवाजात खालचा आवाज कोणास ऐकू आला नाही. धूर निवळल्यावर तटावर उभा असलेला गोलंदाज ओरडला, आणि राजे धावत गेले, आणि पाहतात तो पेठ नाही. जेथे पेठ होती तेथे तांबडे पाणी वाहत होते.

राजे पायी उतरले. तिसरे दिवशी पाणी ओसरले, तेव्हा नागोजीराजे बाभळीच्या झुडपात सापडले. फावडे हातात तसेच धरिले होते, ते सोडविता सुटेना; मग फावड्यासह अग्नी दिला. जी माणसे वाचली ती टेकाडावर ओल्या वस्त्रांनिशी बसली होती. राजे त्यांजपुढे हात जोडून म्हणाले, "गडावर चला. अवघ्यांस पुरेल इतकी जागा आहे. तेथे तुमच्या केसास धक्का लागणार नाही." मग म्हाळसाबाईसाहेब उठल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, वर प्यावयास पाणी कोठून आणाल?" राजियांनी रिकाम्या तळ्याकडे पाहिले आणि खाली बसले. बाईसाहेब उरली माणसे घेऊन घाटापलीकडे निघून गेल्या, आणि राजियांस थांबा म्हणावयास तोंड नव्हते.

गडावरील शिबंदी पाण्यावाचून महिन्यात पांगली. राजे मात्र राहिले. गडाचे चिरे सोडवून बांधाच्या खिंडारात नेऊ लागले. एकटा मनुष्य, एक रेडा, तो रेडाही पुढे मेला. या काळात गनीम एकवार सीमेपर्यंत येऊन गेला, परंतु घ्यावे ऐसे काही न दिसल्यावरून परत फिरला. तट जैसा उभा तैसा उभा, त्यावर कोणी एक बाण सोडिला नाही.

पुढे कित्येक वर्षांनी राजे काठी टेकीत घाटापलीकडे गेले. तेथे या माणसांनी ओढ्यास नवा बांध घातला होता आणि त्याची डागडुजी चालली होती. कोणी म्हाताऱ्यास ओळखिले नाही. ते रांगेत जाऊन उभे राहिले. माती भरून देणारी बाई म्हाळसाबाई, केस पांढरे जालेले. त्यांनी वर पाहिले आणि ओळखिले. राजियांचे ओठ हलले. "बाई, आम्ही—" इतकेच म्हणाले. बाईसाहेबांनी घमेले त्यांच्या हाती दिले आणि म्हणाल्या, "त्या कडेला टाका, भावोजी. तिकडे खचते आहे."

राजियांनी वैशाखभर माती वाहिली. ज्येष्ठात ताप आला आणि देह ठेविला. त्या नव्या बांधामागे पाणी भरलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. राणीवसा नाही, संतान नाही, अग्नी गावच्या पाटलाने दिला. एवढे आयुष्य, एवढी माणसे, एवढे बळ, त्यातून कोणाच्या उपयोगी पडली ती त्या कडेची माती. इति वर्तमान. ज्यांस हाती वेळ आहे त्यांनी वाचावे.