रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

संजय राठोडची पिकअप दोन वर्षांत एकदाही रिकाम्या हौद्यानं तांड्याबाहेर पडली नव्हती. गाडी संजयची, स्टिअरिंगही संजयच्याच हातात. पण रस्त्याच्या तोंडाशी ओट्यावर बसलेले त्याचे वडील डोंगरसिंग हात आडवा करायचे आणि गाडी मुकाट थांबायची. डोंगरसिंगांच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बैल गेले, ती मालाची लदेणी गेली, तरी ‘तांड्यातून रिकामं जनावर निघत नाही’ ही रीत म्हाताऱ्यानं पिकअपला लावून टाकली होती. त्यामुळे माल कुठलाही असो, वर पाचसहा माणसं ठरलेलीच.

“बा, लोकं बसवून बसवून गाडीचं अ‍ॅव्हरेज बारावर आलं,” संजय एक दिवस वैतागला.

“रिकामा बैल उधळते. लादलेला बैल वाटेनं चालते.”

“बैल नाही ना बा ते! डिझेल पेते ते.”

“मंग बैलापेक्षा जास्तच उधळीन.”

पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती? संजयनं चावी फिरवली. पण त्याच आठवड्यात त्याला लोहाऱ्याचा अतुल भेटला. या अतुलच्या गॅरेजात पान्ह्यापेक्षा लॅपटॉप जास्त चालायचा. गाडीला वायर लावून तो इंजिनाचं गणितच बदलून द्यायचा म्हणे.

“पॉवर बी वाढीन अन अ‍ॅव्हरेज बी,” अतुल म्हणाला. “चौदा तं कुठंच नाही गेलं, भाऊ.”

संजयचा आनंद गगनात मावेना. संध्याकाळी त्यानं थेट ओटा गाठून बापाशी पैज लावली. अ‍ॅव्हरेज चौदाच्या वर गेलं, तर बैलांचं शास्त्र खोटं आणि गाडी संजयच्या मर्जीची. कोणी फुकट बसायचं नाही. नाही गेलं, तर जन्मभर रीत पाळायची.

“लागली,” डोंगरसिंग म्हणाले. “पण जिकेपर्यंत रीत चालूच राहीन.”

“अन तुमी जिकले, तं बाजाराले मी कायनं जाऊ?” संजयच्या बायकोनं, बबितानं विचारलं. या बाजूनं संजयनं विचारच केला नव्हता.

अतुलनं दोन तास लॅपटॉप बडवला आणि परीक्षेचे नियम सांगितले. टाकी गळ्यापर्यंत भरायची, पांढरकवड्याला जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि लागलेल्या डिझेलनं किलोमीटर भागायचे. “अन गाडी रिकामी न्या,” त्यानं बजावलं.

रिकामी! सकाळी ओट्यापाशी हात आडवा झालाच. हौद्यात अकरा माणसं चढली आणि केबिनमध्ये संजयची चुलत काकी बिजलीबाई. लेकीला द्यायची बकरी मांडीवर, काठी हातात. संजयनं अ‍ॅक्सिलेटरला नुसता पाय टेकवला, तर नव्या ताकदीच्या गाडीनं अशी उडी घेतली की बकरी त्याच्या खांद्यावर आली. पाठोपाठ गिअरवरच्या हातावर काठी बसली.

“काहून रे? माणसं नेऊन राह्यला का कांदे?”

“काकी, पैज हाये माही!”

“मंग पैजंले ने. मले हळू ने.”

काटा चाळीसवर गेला की काकी खाकरायची, पंचेचाळीसवर गेला की डॅशबोर्डवर काठी वाजायची आणि मागची माणसं केबिनचं छत बडवायची. जाऊन येऊन एकशेचाळीस किलोमीटर गाडी वरातीच्या चालीनं चालली. पैज हातची गेली म्हणून संजयच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

पंपावर मशीन पावणेनऊ लिटरला थांबलं. संजयनं गाडी गदागदा हलवून घेतली, पुन्हा नळी लावायला लावली. वर थेंब जाईना. अ‍ॅव्हरेज सोळा!

डोंगरसिंग शब्दाचे पक्के. त्यांनी त्याच संध्याकाळी तांड्यात सांगून टाकलं, “संज्याच्या गाडीत आजपासून कोणी बसायचं नाही.”

मग काय विचारता! एक पार्टी पांढरकवड्याहून माल भरून आणायला रोज बोलवत होती. जाताना हौदा रिकामा, गाणी मोठ्यानं आणि डोक्यावर कोणी नाही. संजयनं ट्रॅव्हल्सच्या बसलासुद्धा मागं टाकलं. तो अगदी खुशीत होता. चौथ्या दिवशी हिशेब केला, तर अ‍ॅव्हरेज दहा. तो तडक लोहाऱ्याला पळाला.

अतुलनं सगळं तपासलं. “गाडी बराबर हाये. त्या दिवशी स्पीड किती होती?”

“चाळीस.”

“अन आता?”

“पंच्याण्णव.”

“त्या दिवशी येवढ्या हळू काहून गेलते?”

“काकी होती.”

“मंग सोपं हाये. चाळीसनंच चालवा.”

“एकटा असलो की पाय ऐकत नाही ना माहा!”

अतुलनं लॅपटॉप मिटला. “पायाचं ट्यूनिंग आपल्याकडं होत नाही, भाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप बिजलीकाकीच्या दारात उभी राहिली.

“काकी, चाल ना पांढरकवड्याले.”

“आत्ताच तं जाऊन आली. लेक म्हणीन, माह्या याडीले घरून हाकललं का काय!”

“नुसती फिरून ये.”

“दुसरी बकरी बी येईन.”

“येऊ दे.”

“खिडकीपाशी बसीन.”

“बस.”

“अन काठी?”

संजयनं केबिनचं दार उघडून धरलं. “काठी तं पायजेच.”

काकीनं आतून पिशवी आणली. ती भरलेलीच होती. याचं संजयला जरा नवल वाटलं. पण गाडी ओट्यापाशी आली आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिथं आठदहा बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढं बबिता.

“बा, तुमीच तं बसाले मनाई केलती ना?”

“हाव,” हात आडवा न करता डोंगरसिंग म्हणाले. “पण मागून बायाइले चार दिवस दम धरा म्हनलं होतं. आज पाचवा हाये.”