नाशपाती कोणत्या बाजूला

स्वतंत्र चित्रपटाला अनुदान हवं असेल तर त्यात कुटुंब असावं लागतं, आणि त्या कुटुंबात भांडण असावं लागतं. असा लेखी नियम नाही. पण आमचा दिग्दर्शक प्यो तेग्यू याची संहिता समितीने परत पाठवली, त्यावर शेरा होता: "सदर कुटुंब संशयास्पदरीत्या सुखी आहे. कलहाची मात्रा वाढवून फेरसादर करावे."

तेग्यूची पंचाईत अशी, की त्याच्या आन्दोंगच्या घरी कोणी कधी भांडलंच नव्हतं. नट परवडत नव्हते, म्हणून घरच्यांनाच भांडायला लावायचं ठरलं. पितरांना पान मांडायचा छुसॉकचा सण तोंडावर आला होता. आम्ही सोलहून निघालो: तेग्यू, कॅमेऱ्यावरचा ह्योंजिक आणि माइक धरणारा मी. माझं काम नुसतं ऐकायचं, त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं मी ऐकलेलं आहे.

तेग्यूची आई लगेच तयार झाली. जेवणाआधी भांडायचं की नंतर, एवढंच तिने विचारलं. अट मात्र एकच घातली.

"पुढच्या छुसॉकला तू घरी यायचंस. दर वर्षी तुला म्हणे गाडीचं तिकीटच मिळत नाही. सोलमध्ये बाकी सगळं मिळतं."

तेग्यूने शब्द दिला.

मग घरच्यांनी जिवाचं रान केलं, पण भांडण काही जमेना. वडिलांनी ठरल्याप्रमाणे टेबलावर मूठ आपटली आणि सांडलेलं पाणी स्वतःच पुसायला घेतलं. विधवा आत्या माहेरीच राहायची. तिने भावजयीच्या मुगाच्या धिरड्यांना नावं ठेवायची होती. "वहिनी, तुमची धिरडी..." एवढं म्हणून तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने म्हणाली, "छान झालीत हो." तेग्यू डोकं धरून अंगणात जाऊन बसला.

शेवटी पितरांच्या पानाचं दृश्य घ्यायचं ठरलं. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, म्हणजे सफरचंदं पूर्वेला आणि नाशपाती पश्चिमेला, असं आत्याने रीतसर मांडलं. कॅमेऱ्यातून बघताना सफरचंदांच्या ढिगाआड वडिलांचं नाक जात होतं. ह्योंजिकने सफरचंदं उचलून पश्चिमेला ठेवली आणि नाशपाती पूर्वेला.

आत्या ह्योंजिकला काहीच बोलली नाही. पाहुण्याला कसं बोलणार? ती भावजयीकडे वळली.

"वहिनी, तुमच्या माहेरी असंच मांडत असतील. म्हणून तुम्हाला खटकलं नाही."

"माझ्या माहेरी कसं मांडतात ते तुम्ही कधी विचारलंत का, वन्सं? लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचीच नाशपाती, तुमचीच पूर्व. धिरडी तेवढी माझी."

"ती तरी कुठे धड होतात."

बाप रे! इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं बाहेर आलं. वाद मिटावा म्हणून वडिलांनी काय करावं? ती नाशपातीच खाऊन टाकली. पितरांच्या आधी! मग दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडल्या.

तेग्यूच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. त्याने वळून पाहिलं, तर ह्योंजिक कॅमेरा जमिनीकडे वळवून, मान खाली घालून गुडघ्यांवर बसलेला.

"वडीलधारी माणसं चिडली होती, दादा. तोंडाकडे कसं बघणार?"

तर चित्रपट तयार झाला तो असा: दीड तास एक गालिचा, मधूनच घरंगळत येणारं सफरचंद आणि पडद्यामागून येणारे आवाज. ते आवाज माझे, म्हणजे मी टिपलेले. समितीने शेरा दिला, "कलह समाधानकारक." समीक्षकांना त्या सफरचंदात आख्खी पितृसत्ता दिसली. आन्दोंगला मात्र आत्या वेगळी खोली घेऊन राहायला गेली आणि वडील गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात जेवू लागले.

वितरकाने प्रदर्शनासाठी पुढच्या छुसॉकचा दिवस निवडला. सणाला सगळे गावी जातात, चित्रगृहं स्वस्तात मिळतात. तेग्यूने आईला कळवलं, की तिकीट मिळालं नाही.

सोलचं चित्रगृह खच्चून भरलं. कुणालाच गावच्या गाडीचं तिकीट मिळालं नव्हतं म्हणे. लोक हुंदके देऊन रडले. चित्रपट संपल्यावर चर्चा होती. माइक माझ्याच हातात होता. एक बाई म्हणाल्या, "अगदी आमचंच घर. आईची फार आठवण आली." टाळ्या पडल्या.

तेवढ्यात रांगारांगांतून फोन थरथरू लागले. पान मांडून झाल्यावर घरोघरी आया फोन करतात, ती ही वेळ. तेग्यूच्या खिशातलाही थरथरला. त्याच्या आईने यंदा नाशपाती मनासारखी पूर्वेला ठेवली होती आणि नको म्हणायला घरात कोणी नव्हतं. हे तिने मला सांगितलं, कारण तेग्यूने माझ्याकडे सरकवलेला फोन मी घेतला. बाकी कुणीच घेतला नाही. चित्रगृहात फोन घेणं असभ्य, शिवाय चर्चा कुटुंबावर चालली होती.

तुमचाही आत्ता वाजला वाटतं. असू दे, वाचनात व्यत्यय नको.