उजव्या गालाचा नेम

मेडशीच्या पंचफुलानं मागं एक नेम धरला होता. लेक वैभवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती सुखरूप मोकळी होईस्तोवर घरात कोणाच्या हातून मुंगीसुद्धा मरायची नाही, असा तो नेम. (झुरळांनाही पंचफुला हात जोडून दाराची वाट दाखवी.) देव ऐकतो, याची तिला खात्रीच होती.

त्या दिवसांत न्हाणीत झाडावरची एक बेडकी मुक्कामाला होती. लांब टांगांची, भिंतीला चिकटून बसणारी. एका सकाळी तिनं पंचफुलाच्या नवऱ्याच्या, रामकिसनच्या, दाढीच्या मगात, तळच्या पाण्याच्या वर काठाला, पांढराशुभ्र फेस करून ठेवला. बत्तीस वर्षांत बायकोनं पहिल्यांदाच फेस तयार ठेवला, म्हणून रामकिसन गहिवरला आणि त्यानं तो उजव्या गालाला चोपडला.

"लय चिकट साबन आनला वो या खेपी."

वैभवीनं डोकावून पाहिलं. तिचा नवरा हरीओम वनरक्षक, त्यामुळे तिला ओळखायला वेळ लागला नाही. "बाबा, थांबा. साबन नोहे, बेडकीची अंडी हायेत. डोंगरातल्या रानात हिचे भाऊबंद पान्यावरच्या फांदीले असाच फेस लावतात. पिल्लं मंग खाली पान्यात पडतात."

"मंग खरडून फेकतो."

"हात लावू नका," पंचफुला धावत आली. "पोरीसाठी नेम हाय."

"नेम तुया, गाल माया."

"अन् नातवंड कोनाचं?"

रामकिसननं वाकून गाल पुढं केला. देवघरातल्या पळीनं पंचफुलानं फेस उतरवून पुन्हा मगाच्या काठाला लावला. तरी एखादं अंडं राहिलं असलं तर? पिल्लं पडेपर्यंत त्या गालाला ब्लेड बंद. दाढी डावीकडचीच झाली.

तिसऱ्या दिवशी हरीओम आला. सासरा त्याला डावा गाल दाखवून, कॅलेंडरकडे बघत बोलत होता.

"मामाजी, मान आखडली काय?"

"नाही. इकून मी तुमचा सासरा हाओ. तिकून तुमच्या सासूचा नेम."

पाचव्या दिवशी पिल्लं टपटप मगात पडली. दुसऱ्या दिवशी वैभवीला मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पंचफुला ताठ मानेनं भजनाला गेली आणि तिनं सगळं सांगितलं. बायकांचे डोळे भरून आले. बेबीबाईनं पदर सावरत म्हटलं, "धन्य हाय माय. एवढं सोसलं रामकिसनभाऊनं." आणि नारळ त्याच्यासाठी पाठवला.

पंचफुलानं तो पिशवीत तळाशी ढकलला. "तुमीबी हा नेम धरा, बायांनो. गुन येतेच. उपास नाही, साहित्य नाही. एक पान्याचा मग अन् घरचा गरीब मानूस, बस."